इंडेक्सचा मेटाडेटा साध्या मजकुरात ठेवा

बुलढाणा जिल्ह्याविषयीच्या पुस्तकांत आणि जुन्या कागदपत्रांत ‘बुलडाणा’ही छापलेले आढळते, ‘बुलढाणा’ही. ‘सिंदखेड राजा’ कुठे तोडून, कुठे जोडून. तिथल्या वाचनालयांचे ग्रंथ संगणकावर शोधता यावेत म्हणून ही रूपे एक धरण्याची यादी कोणाला तरी बसून करावी लागते. ‘ॲ’ हे एक चिन्हही असू शकते, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून केलेले. युनिकोडचे सामान्यीकरण या दोहोंना एक करत नाही, म्हणून तोही नियम आपणच लिहायचा. कोणते नियम, कोणती यादी, सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीने बांधणी केली, ही सगळी माहिती म्हणजे इंडेक्सचा, म्हणजे संगणकाच्या शोधसूचीचा, मेटाडेटा. तो कोणत्या फाइलमध्ये राहावा, हे ग्रंथपालाने ठरवावे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यावर सोडू नये.

इंडेक्स टिकाऊ नसतोच. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ज्यावर उभे आहेत, त्या लुसीन या शोध-सॉफ्टवेअरची नवी मुख्य आवृत्ती सहसा लगतच्या मागील मुख्य आवृत्तीपर्यंतचेच इंडेक्स उघडते. त्याहून जुना इंडेक्स मूळ नोंदींवरून पुन्हा बांधावा लागतो. ते काम यंत्र करते, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती माणसाने घेतलेल्या निर्णयांची. ते बायनरी फाइलीत अडकले, तर पुढच्या ग्रंथपालाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या निर्णयांच्या फाइलीसाठी सीएसव्ही सोपी वाटते, पण एक्सेलमध्ये उघडली की दाखलअंकातले सुरुवातीचे शून्य जाते आणि कधी देवनागरीची अक्षरेही बिघडतात. एसक्यूलाइट भक्कम आहे, लाखो नोंदींसाठी तेच घ्यावे. मात्र चार पानांच्या नियमांसाठी ते नको, कारण साध्या संपादकात ते वाचता येत नाही. आमची पसंती यूटीएफ-८ मधल्या जेसनला आहे. 2017 च्या आरएफसी 8259 या जेसनच्या मानकाने खुल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ बंधनकारकच केले आहे. जेसनमध्ये टिपणे लिहिण्याची सोय नाही, ही मोठी उणीव. त्यासाठी ‘कारण’ नावाचा वेगळा रकाना ठेवावा. दाखलअंक अवतरणचिन्हांत लिहावा. पायथनने फाइल लिहिताना अक्षरांऐवजी संकेतांक उमटवण्याची मूळ सवय बंद करावी. नाहीतर ‘बुलढाणा’ हा शब्द 21 ऐवजी 42 बाइट घेतो आणि माणसाला वाचताही येत नाही.

पुढच्या वेळी इंडेक्स बांधून घ्याल, तेव्हा ही फाइल वेगळी आणि वाचता येईल अशा रूपात मिळावी, अशी अट करारातच घाला.