‘हवे असेल तो इन्स्टॉल करून घेईल’: हा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. आपल्या अभ्यासिकांमध्ये जे सेकंडहँड संगणक आहेत, त्यातले बरेचसे या अटींत बसत नाहीत. म्हणून अनेकजण लिनक्सकडे वळत आहेत आणि ते योग्यच आहे. आम्हीही आमच्या अभ्यासिकेतल्या चार संगणकांवर लिनक्स मिंट टाकले. त्यानंतर जे घडले त्यामुळे एका जुन्या तांत्रिक वादात बाजू घेणे मला भाग पडले आहे. लिनक्सच्या डिस्ट्रोमध्ये व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर आधीपासून असावे की नसावे, हा तो वाद.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. लिनक्सवर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची. आतला संगणक बिघडला तर पुसून नवा करायचा, बाहेरचा शाबूत राहतो.

आमच्याकडे झाले असे. मंडळाच्या वीसेक वर्षांच्या स्मरणिका आणि १४ एप्रिलचे अंक एका हार्डडिस्कवर होते. सगळ्या पेजमेकरच्या फाइली आणि मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. लिनक्सवर त्या फाइली उघडल्या नाहीत. मजकूर कसाबसा बाहेर काढला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. त्या अंकांमध्ये आपल्या वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी आहेत. त्यातले बहुतेकजण आज हयात नाहीत आणि काही अंकांची छापील प्रत कोणाकडेच उरलेली नाही. पोरे म्हणाली, “दादा, लिनक्स काढा, परत विंडोजच टाकू.” त्यांचे चूक होते असे मी म्हणणार नाही.

आठवडाभराने कोणीतरी व्हर्च्युअल मशीन सुचवले. ४ जीबी रॅमच्या त्याच संगणकावर ५१२ एमबी देऊन विंडोज एक्सपी चालली. इंटरनेट तोडून ठेवले, कारण एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले आहेत. फाइली उघडल्या, पानांच्या पीडीएफ झाल्या. आता मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे.

आता विरोधकांचे म्हणणे पाहू. त्यांचा पहिला आणि आवडता युक्तिवाद असा की, ज्याला गरज आहे तो इन्स्टॉल करून घेईल, सर्वांच्या माथी कशाला मारता? वरवर हे फार रास्त वाटते. पण गरज असणे आणि गरजेचे नाव माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्दच माहीत नाही, तो सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधणार काय? तो लिनक्स काढून टाकेल, आणि त्याने का काढले हे डिस्ट्रो बनवणाऱ्यांना कधी कळणारही नाही. ज्याला एका ओळीच्या कमांडने सगळे आणता येते त्याला डिफॉल्टने फरक पडत नाही. डिफॉल्ट असते ते न जाणणाऱ्यासाठी.

दुसरा आक्षेप वजनाचा. तो मी गंभीरपणे घेतो, कारण आपली मुले मोबाइलचा डेटा पुरवून पुरवून वापरतात. पण हिशोब तरी नीट करा. या कामाचा गाभा म्हणजे केव्हीएम, आणि तो २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. वर लागते ते क्यूईएमयू आणि बॉक्सेससारखे एक साधे ॲप. भर पडते काहीशे एमबीची. उबुंटूची डाउनलोड फाइल आज ५ जीबीच्या पुढे गेलेली असताना इथेच हात आखडता का? आणि बॉक्सेस बंद असेल तर त्याचे मशीन रॅम खात नाही. अपडेटचा डेटा थोडा वाढेल, हे मात्र मान्य. फेडोरा वर्कस्टेशनने बॉक्सेस अनेक वर्षे सोबत दिले आहे. त्याने फेडोरा बुडाले नाही.

मात्र ‘व्हर्च्युअल मशीन द्या’ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स द्या, असे मी म्हणत नाही. त्याचे कर्नल मोड्यूल बाहेरचे, कर्नल बदलला की ते पुन्हा तयार करावे लागते. सिक्युअर बूट चालू असेल तर सहीची वेगळी भानगड. शिवाय त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना मुक्त नाही, मालकी ओरॅकलची. डेबियनने २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीत ते ठेवलेच नव्हते. राहिला विंडोजच्या परवान्याचा प्रश्न. डिस्ट्रो देते ते रिकामे यंत्र, आत काय घालायचे आणि त्याचा परवाना आहे की नाही, हे वापरणाऱ्याने बघायचे. (आपल्या डीटीपीच्या दुकानांत कोणती प्रत चालते, यावर न बोललेलेच बरे.)

आणखी एक उपयोग सांगतो. सर्व्हरचे काम शिकायचे तर तीनचार यंत्रे लागतात, ती क्लासवाल्यांकडे असतात आणि क्लासला फी असते. एका लॅपटॉपवर ग्राफिक्स नसलेले दोनतीन छोटे डेबियन सर्व्हर उभे करून, मोडून, स्नॅपशॉटवरून परत आणून तेच शिकता येते. सामायिक संगणकावर ‘माझ्या हातून बिघडेल’ ही भीती आपल्या मुलांना फार असते. ती जायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

तरीही नुसते ॲप घालून भागणार नाही. आमच्या चारपैकी दोन संगणकांवर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद होती. ती चालू केल्याशिवाय आतले यंत्र गोगलगायीसारखे चालते आणि माणसाला वाटते लिनक्सच भिकार. बायोसमध्ये शिरायची कळही प्रत्येक कंपनीची वेगळी, कुठे एफ२, कुठे एफ१०, कुठे डिलीट. अशा वेळी पडद्यावर काय बंद आहे आणि ते कुठून चालू करायचे, एवढे मराठीत यायला हवे. ही दोन वाक्ये डिस्ट्रोच्या भाषांतरात घालायला आपल्यापैकी कोण पुढे येते? आमच्या अभ्यासिकेतले दोघे बसायला तयार आहेत, तिसरा हवा आहे.