पडद्यावरील डॉक्टर आणि खाटेजवळील आया

म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर वरुणा हे गाव आहे. तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांमुळे ते हौशी लोकांना ठाऊक आहे, आणि २०२३ साली याच नावाच्या मतदारसंघातून निवडून येऊन सिद्धरामय्या दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले म्हणून वृत्तपत्रवाचकांनाही. शहर या दिशेने सरकत आहे. शेतांचे तुकडे पाडून बांधलेल्या घरांपैकी एका घरात गेली तीन वर्षे माझी मावशी राहते. तिचे यजमान म्हैसूरच्या रेल्वे कारखान्यात नोकरीस होते. ते गेले, मूलबाळ नाही, आणि पुण्यामुंबईच्या आम्हा भाचरांच्या दोन खोल्यांच्या घरांत तिला राहायचे नव्हते. त्या घरात तेरा वृद्ध, एक स्वयंपाकीण, दिवसपाळीची एक आणि रात्रपाळीची एक अशा दोन आया. बाहेर पाटी नाही. अशी लहान लहान घरे आता प्रत्येक शहराच्या कडेला आहेत. कोल्हापूर, सांगली, नाशिक येथील वाचकांनी आपल्या उपनगरांत नजर टाकली तरी ती दिसतील.

या घराचा डॉक्टर पडद्यावर येतो. दर गुरुवारी दिवाणखान्यातील टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला जातो आणि एकेक वृद्ध त्याच्यासमोर आणून बसविला जातो. यालाच टेलिमेडिसिन अथवा दूरवैद्यकीय सेवा म्हणतात. हे सारे थोतांड आहे असे म्हणण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पूर्वी एका रुग्णाला शहरातील रुग्णालयात न्यायचे म्हणजे दिवसपाळीची आया दिवसभर त्याच्याबरोबर अडकून पडे आणि मागे राहिलेले बाराजण स्वयंपाकिणीच्या हवाली होत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला रिक्षात घालून खड्ड्यांतून नेणे, रांगेत चार तास बसविणे आणि जुनीच गोळी पुढे चालू ठेवा एवढेच ऐकून परत आणणे, यात कोणते वैद्यकशास्त्र आहे? मधुमेहाच्या औषधाची मात्रा बदलणे, पाठीवरील जखम भरते आहे की चिघळते आहे ते पाहणे, तपासणीचा अहवाल वाचून दाखविणे ही कामे दुरून चांगली होतात. यंत्राशी आपले भांडण नाही. यंत्राच्या या टोकाला कोण उभे आहे, हा प्रश्न आहे.

गेल्या पावसाळ्यात मावशीला सकाळी उठताना त्रास होऊ लागला. गुरुवारी तिने मोबाईलसमोर बसून सांगितले, “डोळ्यांपुढे अंधारी येते.” चाळीस वर्षे म्हैसुरात काढूनही तिचे कन्नड बाजारापुरतेच आहे आणि दुखणे सांगताना ती नकळत मराठीवर येते. शेजारी उभी असलेली आया महिन्यापूर्वीच कामाला लागलेली. तिने मावशीचा डोक्याकडे गेलेला हात पाहिला आणि डॉक्टरांना सांगितले, “अज्जीला तले सुत्तु.” या शब्दांचा सरळ अर्थ डोके फिरणे. मराठीत आपण डोके फिरले म्हणतो ते संतापलेल्या माणसाविषयी. कन्नडमध्ये ती साधी चक्कर आहे, भोवतालचे जग गरगरणे. डॉक्टरांनी गरगरण्यावरील गोळ्या लिहून दिल्या. त्यांची चूक काढण्याचा मला अधिकार नाही. जे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले त्यांना अनुसरून त्यांनी औषध दिले. परंतु गरगरणे वेगळे आणि उभे राहताच अंधारी येणे वेगळे. पहिल्याचे मूळ बहुधा कानात असते. दुसऱ्याचे मूळ पुष्कळदा रक्तदाबाच्या गोळ्यांतच असते. अकराव्या दिवशी मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. हाड मोडले नाही, हे नशीब.

मी पोटासाठी भाषांतरे करते. एका शब्दाने वाक्य कसे कोसळते ते मला रोज दिसते. पण माझ्या चुका मुद्रितशोधक दुरुस्त करतो. कन्नडमध्ये अंधारी येण्याला ‘कण्णु कत्तले’ असा नेमका शब्दप्रयोग आहे, आणि त्या आयेला तो अर्थातच माहीत होता. मावशीचे म्हणणे तिला समजले असते तर तिने तोच वापरला असता. समजून घ्यायला तिला वेळ नव्हता; मागे आणखी नऊ म्हातारी माणसे रांगेत बसली होती.

निदान शेवटी कशाने झाले? जवळच्या सरकारी उपकेंद्रातील परिचारिका दुसऱ्याच कामासाठी त्या घरी आली होती. तिने मावशीला आडवे निजवून रक्तदाब मोजला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरला तर तो दोष मानतात. मावशीचा त्याहून बराच अधिक उतरला. परिचारिकेने तेथूनच डॉक्टरांना फोन लावून आकडे सांगितले आणि त्यांनी दोन वाक्यांत रक्तदाबाची गोळी निम्मी केली. डॉक्टर तोच आणि मोबाईलही तोच. फरक पडला तो खाटेजवळच्या माणसामुळे. पट्टा बाहीवरून गुंडाळायचा नसतो, काटकुळ्या दंडाला सैल पट्टा लावला तर आकडा खोटा येतो, बोट गार असेल तर प्राणवायूचे मोजमाप फसते, एरवी शुद्धीवर असणारा म्हातारा अचानक बरळू लागला तर लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असू शकतो, या गोष्टी शिकविल्या तर कोणतीही आया शिकते. तिला त्या शिकवायच्या कोणी?

याच जिल्ह्याचा इतिहास येथे उद्बोधक आहे. २००२ साली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या उपग्रहाद्वारे बंगळूरचे एक हृदयरोग रुग्णालय चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयाशी आणि म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर येथील विवेकानंद स्मारक रुग्णालयाशी जोडले गेले. सरगूर हे जंगलाच्या कडेचे, आदिवासी वस्त्यांजवळचे गाव. तेथील रुग्णाच्या हृदयाचा आलेख शहरातील तज्ज्ञाला दिसू लागला. पण सरगूरच्या टोकालाही रुग्णालय होते. डॉक्टर, परिचारिका, औषधे होती. तज्ज्ञ बोलत होता तो दुसऱ्या डॉक्टराशी. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ई-संजीवनी योजनेतही हेच तत्त्व काही अंशी टिकले: गावातील आरोग्य केंद्रात रुग्णाजवळ आरोग्य अधिकारी बसतो आणि तो दूरच्या डॉक्टरला जोडून देतो. २०२० च्या एप्रिलमध्ये, साथीच्या काळात, रुग्णाने घरूनच डॉक्टरशी बोलण्याची सोय तिला जोडली गेली. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत या योजनेने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. २५ मार्च २०२० रोजी प्रसृत झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य कर्मचाऱ्याने जोडून दिलेला सल्ला आणि काळजीवाहकाने जोडून दिलेला सल्ला असे दोन प्रकार वेगळे मानले आहेत. कागदावर भेद स्पष्ट आहे. व्यवहारात मात्र लहान वृद्धगृहातील आया या दोहोंच्या मधोमध लोंबकळते: तिच्याकडून अपेक्षा आरोग्य कर्मचाऱ्याची, शिक्षण आणि पगार मोलकरणीचा.

आणि येथेच बाजार शिरतो. अशा घरांना महिन्याच्या वर्गणीने ‘डॉक्टर सेवा’ विकणारे आता दारोदार फिरतात. घर चालविणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: वर्गणी भरली की परिचारिका ठेवावी लागत नाही आणि नातेवाइकांना मोबाईलवरील डॉक्टर दाखविता येतो. जे साधन माणसाच्या हाताला बळ देण्यासाठी निघाले ते माणूस कमी करण्यासाठी वापरले जाते. नफ्याच्या व्यवस्थेत यंत्राचे नेहमीच असे होत आले आहे. त्यातून दिवाणखान्यातील ती गुरुवारची रांग. तेरा माणसांच्या कानांदेखत कोणती म्हातारी सांगेल की तिला लघवी आवरत नाही? मावशीने कधीच सांगितले नव्हते. मला सांगितले, तेही दिवे गेल्यावर.

सरकारचे उत्तरदायित्व काय, हे पाहण्यासाठी मी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा पुन्हा वाचला. कलम १९ जिल्ह्यागणिक किमान एका वृद्धाश्रमाविषयी बोलते, निराधार अशा किमान १५० जणांसाठी. पण मूळ इंग्रजीत तेथे ‘शॅल’ नसून ‘मे’ आहे. म्हणजे राज्य सरकार आश्रम स्थापन ‘करील’ नव्हे, स्थापन ‘करू शकेल’. भाषांतरकाराला या दोन अक्षरांचे मोल कळते. निराधारांना ते भोगावे लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंतच्या विम्याचे छत्र देण्यात आले, त्याचे स्वागतच आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडते. रोजची गोळी, रोजचे मोजमाप, जखमेची पट्टी त्याखाली येत नाहीत. मावशी पडून तिचे खुब्याचे हाड मोडले असते तर योजनेने पैसे दिले असते. ती पडू नये म्हणून लागणाऱ्या तीन मिनिटांच्या तपासणीसाठी कोणतीच तरतूद नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा तर अजून दरमहा २०० रुपयेच आहे.

कोणी म्हणेल, ही खासगी घरे; त्यांचा भार सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेने का उचलावा? भार घराचा नाही, घरात राहणाऱ्या नागरिकाचा आहे. तो आपल्या मुलाकडे राहत असता तर उपकेंद्राच्या यादीत असता. भाड्याच्या खाटेवर गेला म्हणून त्याचे नाव का गळावे? केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर पाठविल्या. तोच धागा येथे धरता येईल. प्रत्येक लहान वृद्धगृहाची नोंद जवळच्या उपकेंद्रात व्हावी; आठवड्यातून एकदा तेथील परिचारिकेने जावे आणि पडद्यावरील डॉक्टर तिच्या उपस्थितीत, बंद दाराआड बोलावा; आयांना सरकारी खर्चाने प्रशिक्षण व प्रमाणपत्र मिळावे आणि त्यानुसार किमान वेतन ठरावे. अतितीव्र वेदनांवरील मॉर्फिनसारखी औषधे दूरवैद्यकातून लिहून देता येत नाहीत. तो निर्बंध योग्यच आहे. मात्र त्यामुळेच कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील वृद्धापर्यंत चालत जाणारा डॉक्टर ठेवावाच लागेल. उपकेंद्रातील परिचारिकेवर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा नवी पदे भरल्याशिवाय हे होणार नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

मावशी आता खाटेच्या कडेवर थोडे बसून मग उठते. तीच आया रोज सकाळी दोनदा रक्तदाब घेते आणि वहीत दोन रकान्यांत लिहिते. उपकेंद्रातील परिचारिकेने तिला एका दुपारी शिकविले. तिचे अक्षर नेटके आहे आणि ‘अंधारी’ हा शब्दही तिने उचलला आहे. गेल्या आठवड्यात तिने मावशीला सांगितले, “अज्जी, दसऱ्यानंतर मी येणार नाही.” नंजनगूडच्या बाजूला एका कारखान्यात तिला काम मिळाले आहे. पगार थोडाच जास्त आहे, पण तेथे भविष्यनिर्वाह निधी कापतात आणि रविवारी सुटी असते.