यंत्रे वाढली, पण काम कोण वाटणार?

पालकसभेत एक सूचना आली आहे : आठवड्यातील मराठीचे दोन तास कमी करून ते प्रोग्रामिंगला द्यावेत. हा विषय विश्वस्त मंडळापुढे जाण्यापूर्वी आम्ही आमचे मत मांडू इच्छितो.

प्रोग्रामिंगला आमचा विरोध नाही. ते अवश्य शिकवावे. प्रश्न आहे तो तास कोठून काढायचे याचा, आणि येथे महासंगणकाचा इतिहास उपयोगी पडतो.

पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार केला. अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करीत, हेच त्याचे बळ. पण प्रोसेसर जोडले म्हणून काम आपोआप वाटले जात नाही. डाळ शिजल्याखेरीज पुरण वाटता येत नाही. पोळ्या मात्र चौघी मिळून लाटू शकतात. शंभर मिनिटांच्या कामातील पाच मिनिटांचा भाग वाटता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावूनही ते पाच मिनिटांच्या आत होणार नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी हा मुद्दा १९६७ मध्येच मांडला होता.

ही वाटणी कंपायलरनेच करावी, अशी शास्त्रज्ञांची इच्छा होती. १९९३ मध्ये 'हाय परफॉर्मन्स फोरट्रान' ही भाषा आली. माहिती कशी विभागायची एवढे माणसाने सांगावे, बाकीचे कंपायलर पाहील, अशी कल्पना. अपेक्षित वेग मात्र अनेकदा मिळाला नाही. १९९४ मध्ये 'एमपीआय' आले. त्यात कोणत्या प्रोसेसरने कोणाला काय कळवायचे, हे प्रोग्रामर स्वतः लिहितो. काम कष्टाचे, पण तेच टिकले. आजही महासंगणकांवर ते चालते.

तात्पर्य असे की कामाचे भाग पाडणे, त्यांचा क्रम ओळखणे आणि तो नेमक्या शब्दांत सांगणे हे माणसालाच यावे लागते. आमच्या मते ही सवय ज्या भाषेत मूल घरी विचार करते, त्या भाषेत प्रथम लागते. मराठीच्या तासाला केवळ प्रश्नोत्तरे पाठ होत असतील तर ती लागणार नाही, हेही खरे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा : प्रोग्रामिंगचे दोन तास शनिवारच्या चाचणीच्या वेळेतून काढावेत. मराठीचे तास कायम ठेवावेत, आणि त्यांत दर आठवड्याला एक कृती पायरीपायरीने लिहून घ्यावी. पालकांनी व विश्वस्तांनी यावर अवश्य विचार करावा, ही विनंती.