रॉक ऐकायला बारच का?

पुण्यात किंवा मुंबईत छोट्या जागेत, बँडच्या अगदी समोर उभं राहून रॉक ऐकायचं असेल, तर बहुतेक वेळा आधी बारमध्ये शिरावं लागतं. ज्यांना हे संगीत आवडतं त्यांना यात काही खटकत नाही. ज्यांना बार खटकतो ते या संगीताला बारचाच एक भाग समजून मोकळे होतात. या दोघांच्या मध्ये बरीच तरुण मुलं-मुली अडकलेली आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

रॉक म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मैदानावरची हजारोंची गर्दी येते, म्हणून आधी छोट्या जागेबद्दल सांगतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या पूर्व भागातल्या एका बारमध्ये चार जणांचा बँड ऐकला. शंभर-सव्वाशे माणसं होती आणि स्टेज म्हणजे जेमतेम गुडघाभर उंचीचा चौथरा. ड्रमर माझ्यापासून पाच-सहा मीटरवर बसलेला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात स्टेजपासून शंभर मीटर मागे उभे असाल तर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि स्टेजवरच्या स्पीकरमधला आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. आमच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात आणि ती कमी करण्यासाठी आम्ही रात्री जागवतो. इथं ती जवळपास नव्हतीच. हात खाली आला की आवाज छातीत. तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली. गिटारवाला खाली बसून नवी तार चढवत होता, तेवढा वेळ बास आणि ड्रमनं एकच चाल फिरवत ठेवली, गायकानं त्यावर काहीबाही शब्द जुळवले आणि समोरच्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. तार लागली तेव्हा गाणं जिथं सुटलं होतं तिथूनच उचललं गेलं. कव्वालीच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसलेल्यांना हे नवं नाही. गाणारा आणि ऐकणारा एकमेकांचे चेहरे पाहू शकतात, तेव्हाच असं घडतं.

(कानात फोमचे बोळे घालून जा, ही मात्र माझी आग्रहाची सूचना. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत दिवसभराचा सुरक्षित कोटा संपतो, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मोजमाप आहे. बोळे पाहून माझे मित्र हसतात. हसोत.)

त्या रात्री माझ्याबरोबर यायचं होतं माझ्या मावसबहिणीला. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, या बँडची सगळी गाणी पाठ. तिकिटावर लिहिलं होतं, २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही. तसंही खालानं सोडलं नसतं. खालाला गिटारचं वावडं नाही, घरात नुसरत फतेह अली खान रोज वाजतात. तिच्या अटी दोनच: दारूची जागा नको आणि दहाच्या आत घरी. मी फोनवर एक गाणं टिपून पाठवलं, पण एवढा आवाज फोनच्या माइकला झेपत नाही, नुसती खरखर आली. बहिणीचं उत्तर आलं, ‘‘भाई, फोनवरच ऐकायचं असतं तर यूट्यूब आहेच की.’’

खालाच्या या दोन अटींत मागासलेपण कुठं आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. न पिणारे हिंदू, जैन आणि ख्रिस्ती मित्रही मला भेटतात, त्यांच्या आयाही हेच म्हणतात. अडथळा वयाचा आणि वेळेचा आहे, आणि तो दारूच्या हिशेबातून आला आहे. समजा, शंभर जणांनी तिकिटाचे चारशे रुपये दिले तर चाळीस हजार झाले. त्यातून बँड, साउंडवाला, भाड्याचं सामान. जागामालकाला तिकिटात काही फार उरत नाही, त्याची कमाई पेल्यांवर. दार आठला उघडतं आणि पहिलं गाणं पावणेदहाला, यामागचं गणितही तेच. मधले पावणेदोन तास पिण्यासाठी राखलेले असतात.

हे नेहमी असंच नव्हतं. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन होतं. १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ तिथंच सुरू झालं. खुलं नाट्यगृह, कॉलेजच्या पोरांची गर्दी, आत जायला दारू पिण्याचं वय लागायचं नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र ठरलं आणि रंगभवनचा आवाज बंद झाला. रुग्णालयाशेजारी शांतता हवी, याबद्दल माझा वाद नाही. पण गेलेल्या जागेच्या बदली तशी दुसरी जागा कुणी उभी केली नाही. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ आलं, आवाजाच्या दृष्टीनं उत्तम. २०१६ मध्ये तेही बंद झालं. आणि ते काही एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी नव्हतंच.

अमेरिकेत हा प्रश्न पोरांनीच सोडवला. १९८० मध्ये वॉशिंग्टनमधला ‘टीन आयडल्स’ हा शाळकरी वयाचा पंक बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये वाजवायला गेला. वय कमी म्हणून तिथं त्यांच्या हातांवर काळी फुली मारली: ऐकू द्या, दारू देऊ नका. परत येऊन त्यांनी वॉशिंग्टनच्या क्लबांना हेच करायला सांगितलं. पुढं ती फुली न पिणाऱ्या पंक तरुणांची स्वतःची खूण झाली. त्याच बँडमधल्या इयान मॅकायनं नंतर ‘फुगाझी’ काढला. त्यांचे कार्यक्रम सर्व वयांसाठी असत आणि तिकीट बऱ्याचदा पाच डॉलर. चर्चची तळघरं, समाजमंदिरं, मिळेल तिथं वाजवलं. तेव्हा दारूशिवाय रॉक ही काही आपल्या मोहल्ल्यातल्या सोवळ्यातून निघालेली कल्पना नाही.

आता दुसरी बाजू. २०१२ च्या डिसेंबरात श्रीनगरच्या एका स्पर्धेत ‘प्रगाश’ नावाच्या, तीन शाळकरी मुलींच्या बँडनं वाजवलं, बक्षीस मिळवलं. त्यानंतर फेसबुकवर शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत काश्मीरच्या मुफ्तींनी हे इस्लामला धरून नाही असं सांगितलं आणि मुलींनी बँड सोडला. धमक्या देणाऱ्या काहींना अटक झाली, मुख्यमंत्री मुलींच्या बाजूनं बोलले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिथं ना बार होता ना मध्यरात्र. जो आक्षेप होता तो मुलींच्या हातातल्या गिटारवर. खालाच्या काळजीची आणि या फतवेबाजीची गल्लत करू नये. काळजीवर तोडगा काढता येतो. फतव्याला मात्र सरळ नाही म्हणावं लागतं.

इंडोनेशियात गारूत नावाच्या गावी २०१४ मध्ये तीन मुलींनी शाळेतच मेटल बँड सुरू केला, ‘व्हॉइस ऑफ बासेप्रोत’. बासेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदा भाषेत गोंगाट. डोक्यावर हिजाब, हातात गिटार. टीका आणि धमक्या त्यांनाही चुकल्या नाहीत. पण शाळेतल्या एका शिक्षकानं वाद्यं आणि खोली दिली होती. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरीला वाजवून आल्या, तिथं वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड. प्रगाशच्या मुली काही कमी गुणी नव्हत्या. त्यांच्या पाठीशी अशी एक खोली आणि एक हट्टी शिक्षक किती काळ उभा राहिला असता, याचा विचार मी बरेचदा करतो.

खोल्या आपल्याकडे आहेत. मुस्लिम शिक्षणसंस्थांची सभागृहं आहेत, ती गॅदरिंग आणि सत्कार सोडले तर वर्षभर कुलूपबंद. शादीखाने लग्नसराई संपली की रिकामे. महापालिकेची छोटी नाट्यगृहं आहेत, पण तिथं ‘रॉक’ हा शब्द उच्चारला की व्यवस्थापक खुर्च्यांकडे काळजीनं पाहतो. तेव्हा सुरुवात आपल्या ट्रस्टींपासून करावी. बंद सभागृहाला रात्री दहाच्या ध्वनिक्षेपक बंदीतून नियमानंच सूट आहे, आणि आपल्याला तर दहापर्यंतही थांबायचं नाही. रविवारी संध्याकाळी साडेपाचला दार उघडायचं, सहाला पहिलं गाणं, साडेआठला शेवटचं. तिकीट दीडशे रुपये, विद्यार्थ्यांना शंभर. दोन बँड, त्यातला एक कॉलेजचा. बाहेर चहा आणि समोसे, त्याचे पैसे सभागृहाच्या भाड्यात. सामान भाड्यानं मिळतं, मिक्सरवर बसायला मी तयार आहे. मागच्या दोन रांगा पालकांसाठी ठेवायच्या, ज्यांना स्वतः येऊन बघायचं आहे त्यांनी बघावं. साडेआठला सुटलं तर पीएमपीची बस मिळते आणि खालाच्या घड्याळात अजून दीड तास शिल्लक असतो.