विश्लेषण : गाणं तेच, आवाज दुसराच! चित्रपटगीताचं मूळ ध्वनिमुद्रण कसं ओळखाल?

बाबांच्या साठीला मी फोनवर रफींच्या गाण्यांची यादी लावली. दुसऱ्याच ओळीला बाबा म्हणाले, ‘‘हा रफी नाही.’’ स्क्रीनवर फोटो रफींचा होता. बारीक अक्षरातलं नाव भलत्याच गायकाचं. असं तुमच्याही घरी झालं असेल. हा प्रकार नेमका काय आहे?

व्हर्जन म्हणजे काय?

चित्रपटासाठी झालेलं रेकॉर्डिंग हे मूळ ध्वनिमुद्रण. तेच शब्द, तीच चाल घेऊन नव्या गायक-वादकांकडून पुन्हा रेकॉर्ड केलं, की ते ‘व्हर्जन’ किंवा ‘कव्हर’. ‘झंकार बीट्स’ हा आणखी वेगळा प्रकार. त्यात आवाज मूळचाच, फक्त वरून नवा ठेका चढवलेला.

हे सुरू कसं झालं?

जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा एचएमव्हीकडे होता. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने हीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेट बाजारात आणल्या. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क कायद्यात वेगवेगळे असल्याने ही वाट निघाली. सोनू निगमसारखा गायक याच वाटेने पुढे आला. म्हणजे व्हर्जन हा काही गुन्हा नव्हे.

मग वाद कशावरून?

वाद आहे वेष्टनाचा. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटाच्या गाण्यांच्या व्हर्जन कॅसेटचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ३१ सी आलं. त्यानुसार :

• मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं कव्हर करता येत नाही.
• दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी द्यावी लागते.
• मूळ गायकाचं नाव किंवा छबी वापरता येत नाही.
• वेष्टनावर ‘कव्हर व्हर्जन’ असं लिहावं लागतं.

मूळ ध्वनिमुद्रणच का हवं?

तेव्हा गायक आणि वादक एकत्रच रेकॉर्डिंग करत. कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा यांचं संगीत संयोजन असे. चाल पुन्हा गाता येते. त्या दिवशी त्या खोलीत वाजलेली व्हायोलिनं पुन्हा आणता येत नाहीत. मूळ समजून आपण व्हर्जन ऐकतो, तेव्हा या माणसांचं काम नकळत पुसलं जातं.

ओळखायचं कसं?

• फोटो नको, गायकाचं नाव वाचा.
• ‘ट्रिब्यूट’, ‘कव्हर’, ‘यादें’ असे शब्द अल्बमच्या नावात दिसले तर सावध व्हा.
• अल्बम चित्रपटाच्याच नावाचा आहे का आणि कंपनी कोणती, ते पाहा.
• वर्षावर विसंबू नका. अनेकदा ते गाणं अ‍ॅपवर आल्याचं वर्ष असतं.

कायद्यातलं वेष्टन कॅसेटचं होतं. फोनवर वेष्टन उरलंय नखाएवढं. त्यावरची सूचना वाचणार कोण? म्हणून ‘पुन्हा ध्वनिमुद्रित’ ही खूण अ‍ॅपने गाण्याच्या नावाशेजारीच दाखवायला हवी. व्हर्जन ऐकायला कुणाची हरकत नाही, पण आपण काय ऐकतोय हे श्रोत्याला आधी कळलं पाहिजे. बाबांनी कानाने ओळखलं. ज्यांनी मूळ गाणं कधी ऐकलंच नाही, त्यांना ते कसं कळणार?