आधी कोणता आकडा?

नववीच्या गणितात निर्देशक भूमितीचा धडा आला की बऱ्याच घरांत मुले विचारतात, "आलेखाच्या कागदावर बिंदू मांडून पुढे करायचे काय?" मालवण किंवा देवगडच्या मुलाने हे विचारले, तर आम्ही त्याला बंदरात नेऊन बोटीवरचा जीपीएस दाखवू. त्याच्या पडद्यावर दिसणारे दोन आकडे म्हणजे त्याच धड्यातला बिंदू होय.

धडा तसा सोपा आहे. आडवी रेषा एक्स-अक्ष, उभी रेषा वाय-अक्ष आणि दोन्ही छेदतात तो आरंभबिंदू. (३, ५) म्हणजे आधी उजवीकडे ३ घरे, मग वर ५ घरे. (५, ३) हा वेगळाच बिंदू. डावीकडे आणि खाली जाताना आकडा ऋण होतो. चुकते ते बहुधा क्रमात.

दोन आकड्यांनी जागा ठरवण्याची विद्या जुनी आहे. अल-बिरुनी यांनी १०२५ च्या सुमारास शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर एक ग्रंथ लिहिला. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक ठरवणे हा त्यामागचा एक हेतू होता. हाच हिशोब मालवणसाठी केला, तर किब्ला नेमका पश्चिमेला येत नाही. पश्चिमेपासून सुमारे १५ अंश उत्तरेकडे येतो. पुढे १६३७ मध्ये फ्रान्सचे रेने देकार्त यांनी भूमितीला बीजगणिताची जोड दिली. शाळेतल्या आलेखाला त्यांचेच नाव जोडले जाते.

आपले तांडेल जीपीएसच्या आधीही हेच करत. डोंगराचे टोक आणि किनाऱ्यावरचे झाड एका ओळीत दिसले की एक रेषा मिळे. दुसरीकडच्या दोन खुणा जुळल्या की दुसरी. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे खडक किंवा माशांची जागा.

आता खरी अडचण पाहू. वहीत आडवा आकडा आधी येतो. जीपीएसवर मात्र अक्षांश, म्हणजे उत्तर-दक्षिण सांगणारा उभा आकडा आधी येतो. मालवण सुमारे १६ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. हे आकडे उलटे घेतले, तर आपण नॉर्वेच्याही उत्तरेला, गार समुद्रात पोहोचतो! एवढी मोठी चूक लगेच ध्यानात येते. लहान चूक मात्र लपते. १६ अंश ३० मिनिटे म्हणजे साडेसोळा अंश, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. कोणी ते १६.३० अंश असे वाचले, तर जागा १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर सरकते. इंजिन बंद पडलेल्या बोटीने १५५४ क्रमांकावर किंवा व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर तटरक्षक दलाला अशी जागा सांगितली, तर मदत भलतीकडे शोधत राहील. परीक्षेत यासाठी एक गुण जातो, समुद्रात माणसे जाऊ शकतात.

म्हणून घरी एक सराव करून घ्यावा. आलेखाच्या कागदावर मालवण आरंभबिंदू माना, एक घर म्हणजे एक मिनिट. आकडे वहीच्या क्रमाने, आडवा आधी. देवगड सुमारे (-६, २०), कणकवली (१४, १३), वेंगुर्ले (१०, -१२). देवगड दुसऱ्या चरणात, कणकवली पहिल्या आणि वेंगुर्ले चौथ्या चरणात येईल. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे बिंदू जोडले की आपला किनारा सरळ उभा नसून दक्षिणेकडे जाताना पूर्वेला झुकतो, हे मुलांना स्वतःच्या हातांनी दिसेल. तिसऱ्या चरणात मात्र गाव सापडणार नाही. तिथे अरबी समुद्र आहे, आणि आपल्या अनेक घरांची रोजी-रोटी.

हा सराव मुलींकडूनही करून घ्यावा. बोटीवरून फोन येतो तेव्हा तो बहुतेक वेळा घरातली बाईच उचलते. सांगितलेले आकडे तिने लिहून घ्यावेत, आणि लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: आधी उत्तर सांगताय की पूर्व? हे मिनिटांत आहे की दशांशात? जिला हे दोन प्रश्न विचारता आले, तिला धडा समजला असे आम्ही म्हणू.