‘द्या इकडे, मी करतो’ नको



प्रौढांच्या संगणक वर्गाचा पहिला तास एकदा कुणीतरी मागे बसून पाहावा. फळ्यावर इनपुट, आउटपुट, सीपीयू. समोरच्या आजींना पेन्शन जमा झाली का, एवढेच पाहायचे असते. दुसऱ्या तासाला त्या फिरकत नाहीत आणि आपण म्हणतो, या वयात कुठे जमणार!

वय आड येतेच, पण ते बोटांत. डबल-क्लिक करताना दोन क्लिकांमध्ये माउस किंचित सरकतो आणि फाइल उघडण्याऐवजी जागेवरून हलते. कष्टाने राठ झालेले, कोरडे बोट टचस्क्रीन नीट ओळखत नाही, म्हणून माणूस जोर देऊन दाबून धरतो. मोबाइलला वाटते, यांना अ‍ॅप हलवायचे आहे. ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जावे तर परतीची वाट सापडत नाही, बॅक दाबावे तर भरलेला फॉर्म कोरा. यावर उपाय साधे आहेत: डबल-क्लिकचा वेग कमी करून द्यावा, अक्षर मोठे करावे, मराठीत बोलून लिहिता येते तो कीबोर्डवरचा माइक दाखवावा. सीपीयू राहिला तरी चालेल.

आणि शिकवणाऱ्याने स्वतःचे हात आवरावेत. ‘द्या इकडे, मी करतो’ हे नातू म्हणतो, सेवा केंद्रातला मुलगाही म्हणतो. काम होते, पण ओटीपी दुसऱ्याला सांगायची सवय तिथेच लागते. मग ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही तो सांगताना काही वावगे वाटत नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि फसवणूक झालीच तर तडक १९३० ला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.

घरात शिकलेला नातू असताना आजीला वेगळे कशाला शिकवायचे, असे विचारणारे पुष्कळ आहेत. सरकारही त्यातलेच. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयाची अट १४ ते ६० होती. लाभ घरटी एकालाच, तोही घरात आधी कुणाला संगणक येत नसेल तरच. म्हणजे नातू कॉलेजात शिकून तयार झाला की आजीही कागदोपत्री साक्षर! ही योजना मार्च २०२४ मध्ये संपली. राहता राहिली २००१ पासूनची एमएस-सीआयटी. नोकरीसाठी ती उपयोगी आहेच, पण आजींना प्रमाणपत्र घेऊन कुठे रुजू व्हायचे आहे?

पुढची योजना आखताना साठीची आणि घरटी एकाची, दोन्ही अटी काढाव्यात. गावच्या अनुदानित ग्रंथालयात आठवड्यातून दोन तास ठेवावेत; ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचे त्याचे अडलेले काम, परीक्षा नाही. शिकवायला आमच्यासारखे निवृत्त शिक्षक आणि बँकेतले लोक मानधनाविना येतील. शासनाने वायफाय आणि चार खुर्च्यांची सोय तेवढी करावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली